मास्तरांच्या टेबलाचा सांधा

मास्तर धंद्यानं शिंपी आणि स्वभावानं भित्रे. कपडा आधी कच्च्या टाक्यांनी जोडायचा, चारदा उसवायचा आणि शिवणीत जादा कापडाची इतकी माया सोडायची की गिऱ्हाईक दुप्पट फुगलं तरी कपडा त्याला पुरून उरावा. कात्री चालवायला मात्र त्यांचा हात धजत नसे. दुकानात कापायची ती बायको, शिवायचे ते मास्तर.

बायको जमिनीवर गुडघे टेकून कापायची. आता गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. उभ्यानं कापायला टेबल नसेल तर कात्री बंद, असं तिनं जेवताना सांगून टाकलं. कात्री बंद म्हणजे दुकान बंद.

मास्तरांनी टेबल स्वतःच करायला घेतलं. मेहुणा सुतार होता. त्यानं सोपा सांधा सुचवला: टेबलाच्या चौकटीच्या कोपऱ्यात दोन्ही लाकडं अर्ध्या जाडीपर्यंत खाचायची, एकमेकांत बसवायची, सरस लावून दाबून ठेवायची. झालं. मास्तरांना ‘झालं’ या शब्दाचीच धास्ती. सरस लावला की उसवायचं कसं? त्यांनी गुपचूप नटबोल्ट आणून चौकट जोडली. बायकोनं हात टेकला आणि टेबल लाजल्यासारखं एका अंगावर झुकलं. ती कण्हत पुन्हा जमिनीवर बसली. ते कण्हणं मास्तरांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं खाचा पाडायला घेतल्या. पण सवय जाते थोडीच! प्रत्येक खाच आखलेल्या रेघेच्या आतच थांबवली, पुढेमागे लागलं तर असू दे म्हणून. एकही लाकूड दुसऱ्यात शिरेना. कानशीनं घासता घासता मास्तर घामाघूम.

बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “अहो, लाकूड काही धुतल्यावर आटत नाही. रेघेवर कापा.”

मास्तरांनी डोळे मिटले, मग बोटांची आठवण होऊन उघडले, आणि करवत थेट रेघेवर चालवली. खाचा एकमेकींत घट्ट बसल्या. सरस लावला, वर कापडाचे तागे रचले आणि रात्रभर कुणाला त्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही.

सकाळी बायकोनं गिऱ्हाइकाचं महागाचं सुटाचं कापड त्यावर पसरलं, अंगाचा सगळा भार टाकून वाकली आणि कात्री लावली. टेबल हललं नाही. मास्तर खाली उकिडवे बसून एक पाय दोन्ही हातांनी धरून होते.

“सोडा तो पाय,” ती म्हणाली. “मी उभी आहे.”