तुमचं झालं, तुम्ही निघा

"लाल रेषेवाल्यांचं झालं. तुम्ही निघा."

सर हे फळ्याकडे पाहतच म्हणायचे. दर रविवारी. सराव परीक्षा व्हायची, मार्क सांगून व्हायचे, की ते पांढऱ्या फळ्यावर मार्करनं तीन आडव्या रेषा ओढायचे. वर काळी, ओपनची. मधे निळी, ओबीसीची. खाली लाल, एससीची, म्हणजे आमची. गेट या एम.टेक. प्रवेशाच्या परीक्षेत पात्र ठरायला ज्याला जेवढे मार्क लागतात, तेवढ्या उंचीवर त्याची रेषा. मग एकेकाचं नाव घेऊन त्याच्या मार्कांप्रमाणे वर-खाली लिहायचे. माझं नाव लाल रेषेच्या बरंच वर असायचं. काळीच्या किंचित खाली.

काळी रेषा ओलांडलेले बसून राहायचे, कारण त्यांना रँक सुधारायची असायची. ओपन आणि ओबीसीतले, काळीपर्यंत न पोचलेलेही बसून राहायचे, कारण त्यांना ती गाठायची असायची. उठायचो ते आम्ही. लाल रेषा ओलांडलेले. लाल रेषेच्याही खाली राहिलेल्यांना सर सोमवारी वेगळं बोलावतो म्हणायचे, तो सोमवार कधी आला नाही.

नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीतली ती दुसऱ्या मजल्यावरची खोली. खुर्च्या एकमेकींना खेटून. आम्ही उठलो की बसलेल्यांना गुडघे आत ओढून घ्यावे लागायचे.   मी बॅग छातीशी धरून, सॉरी सॉरी म्हणत बाहेर पडायची. माझ्याच क्लासमधून जाताना मी सॉरी म्हणत होते. आणि खरं सांगते, तेव्हा मला यात अपमान दिसलाच नाही. मला वाटायचं, सर आपली काळजी घेतात. आपलं झालं आहे, उगीच कशाला डोकं शिणवायचं.

घरात इंजिनिअर झालेली मी पहिलीच. बाबा हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या मशीनवर. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीतून सकाळी कंपनीच्या बसनं जायचे. मला एम.टेक. करायचं होतं, मशीन डिझाइनमध्ये, एखाद्या मोठ्या सरकारी संस्थेत. हे कसं होतं, काय लागतं, ते विचारायला घरात कोणी नव्हतं, वस्तीत कोणी नव्हतं. सर होते. सर म्हणाले झालं, म्हणजे झालं.

एका रविवारी मी जिन्याच्या खालपर्यंत आले आणि लक्षात आलं, स्कार्फ खुर्चीवरच राहिला. नागपूरच्या उन्हात गाडीवर स्कार्फशिवाय कसं जायचं? परत वर गेले. दार लोटलेलं होतं. आत सर म्हणत होते, "चला, आता खरा क्लास सुरू करू."

मी ते ऐकलं. स्वच्छ ऐकलं. दार ढकललं, मान खाली घालून स्कार्फ उचलला आणि निघाले. सर माझी पाठ वळेपर्यंत थांबले. फळ्यावर काय लिहिलंय ते मी पाहिलं नाही. गाडीवर बसून स्कार्फ डोळ्यांपर्यंत घट्ट बांधला आणि घरी येऊन आईला सांगितलं, आज लवकर सुटलो.

मार्चमध्ये निकाल लागला. लाल रेषा मी सहज ओलांडली होती. सरांना फोन केला. ते म्हणाले, "अभिनंदन, तुझं झालं." बस. मी विचारलं नाही की काय झालं, आणि त्यांनी सांगितलं नाही.

बाबांनी दुसऱ्या दिवशी पेढे नेले. बसमध्ये वाटले, प्रेस शॉपमध्ये वाटले. सुपरवायझरला केबिनमध्ये नेऊन दिले. वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारच्या वंदनेनंतर मला पुढे बोलावलं, हातात गुलाबाचं फूल दिलं. आपली पोरगी एम.टेक.ले चालली, असं माइकवर सांगितलं. बाया टाळ्या वाजवत होत्या. लहान लहान पोरींना त्यांच्या आया माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या. ते फूल मी घरी येऊन पाण्यात ठेवलं.

मग संस्थांच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या. मी अर्ज भरले होते. पहिल्या फेरीत काही आलं नाही. वाटलं, दुसरीत येईल. दुसरीतही नाही आलं. संध्याकाळी बाबा आले की हातपाय धुण्याआधी विचारायचे, "कोणतं कॉलेज भेटलं वं?" मी सांगायची, यादी यायची आहे. फेऱ्या संपल्या तरी मी तेच सांगत होते. मला स्वतःलाच कळत नव्हतं तर त्यांना काय सांगणार? पात्र आहे म्हणून कागदावर छापलंय. मग जागा कुठं गेली?

जूनमध्ये बाबांनी बसनं जाणं सोडलं. शेजारच्या काकांच्या मोटरसायकलवर मागे बसून जायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, बसमध्ये गर्मी होते. आईनं मला मागच्या अंगणात सांगितलं. बसमध्ये रोज कोणी ना कोणी विचारायचं, पोरगी कधी चालली? पेढे तर खाल्ले आम्ही. बाबा हसून वेळ मारून न्यायचे. किती दिवस मारणार?  माझ्यामुळे माझा बाप बस चुकवत होता.

मी सरांकडे गेले. नव्या बॅचचा पहिला तास होता, फुकटचा, पोरांसोबत आईबापही आलेले. मी दारातच उभी राहिले. सर म्हणाले, "बोल, बोल, आपलीच आहेस." मी हळूच विचारलं की सर, मी पात्र ठरले होते, मग कुठेच नंबर का लागला नाही?

 सर खोलीकडे वळले.

"पाहा, ही आमची मागच्या वर्षीची विद्यार्थिनी. लाल रेषा ओलांडली आणि हिला वाटलं सीट मिळाली. आता सरकारनं रेषा आणखी किती खाली आणायची, तुम्हीच सांगा."

खोली हसली. मागे बसलेला एक बाप तर मांडीवर हात मारून हसला. आणि मीही हसले. का हसले? तोंड आपोआप तसं झालं. सर हसतात, मोठी माणसं हसतात, तर आपणही हसावं, असं कधीपासून अंगात मुरलं होतं कोण जाणे. हसतच मी जिना उतरले. खाली गाडीला किल्ली लावताना चेहरा अजून तसाच हसरा होता. तो पुसायला मी दोन्ही हातांनी तोंड चोळलं.

क्लासमधली पल्लवी माझ्या शेजारी बसायची. काळ्या रेषेच्या थोडी खाली, सराव परीक्षेत जवळपास माझ्याएवढेच मार्क. तिला वारंगळच्या बाजूला कुठेतरी सीट मिळाली होती. मी तिला फोन लावला. तिनं अगदी साधेपणानं सांगितलं. पात्र होणं म्हणजे फक्त अर्ज करता येणं. सीट मिळते ती एक हजारपैकी किती स्कोअर आला त्यावर. तुमच्या राखीव जागांचीही वेगळी यादी असते, तीही स्कोअरवरच लागते, आणि ती त्या रेषेच्या खूप वर बंद होते. कोणत्या संस्थेत मागच्या वर्षी कितीवर बंद झाली, कुठला प्रश्न सोडून द्यायचा, दोन मार्कांचे प्रश्न आधी कसे धरायचे, हे सगळं सरांनी शिकवलं होतं.

"शेवटच्या तासात सांगायचे ना," ती म्हणाली. मग, "तुम्ही जायचात. आम्हाला वाटायचं, तुम्हाला किती बरं आहे, सुट्टी मिळते."

तिचा राग नाही आला. ती खरंच तसं समजत होती. मलाही तर तसंच वाटायचं.

फोन ठेवला आणि मग सगळे रविवार एकेक करून आठवले. ते आत ओढलेले गुडघे. सॉरी सॉरी. पाठ वळेपर्यंत थांबलेले सर. खरा क्लास. ज्या रेषेसाठी, ज्या आरक्षणासाठी आमच्या माणसांनी आयुष्यं घातली, ती रेषा माझ्या हाती आत जायचं दार म्हणून आली होती. सरांनी तीच दाखवून मला बाहेर काढलं होतं. आणि मी जाताना माफी मागत होते. अशी शरम वाटली की अंगावर ओरबाडे काढावेत. सरांची नाही, माझी शरम. माझ्याच हसण्याची.

त्या संध्याकाळी बाबा मोटरसायकलवरून उतरले. मी त्यांना हातपाय धुऊ दिलं नाही. सांगून टाकलं. सीट मिळाली नाही, यादी केव्हाच लागून गेली, मी खोटं बोलत होते.

बाबा ओट्यावर बसले. बराच वेळ बूट काढत राहिले.

"मले खोटं काहून बोलायले लावलं वं?" ते म्हणाले. "नापास झाली असती तर सांगितलं असतं मी. बसमध्ये छाती ठोकून सांगितलं असतं, पुढच्या साली होईल म्हणून. हे काय करून ठेवलं तू?"

 मी एवढंच म्हटलं की बाबा, उद्या बसनं जा. मी येते थांब्यावर.

सकाळी मी थांब्यावर गेले. माणसं डबे घेऊन उभी होती. मला पाहून एकानं विचारलंच, "काय मॅडम, कधी चालली?" मी स्कार्फ सोडला. म्हटलं, "नाही चालली काका. सीट नाही भेटली. मले समजलंच नव्हतं काय लागते ते. परत परीक्षा देऊन राहिली." कोणीतरी अरेरे म्हणालं. कोणी रस्त्याकडे पाहू लागलं. कान तापले होते माझे, पायाखालचं डांबरही तेवढं तापलं नसेल. बस आली. बाबा चढले आणि खिडकीशी बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण बसनं गेले.

मी परत त्याच क्लासमध्ये नाव घातलं. मैत्रिणी म्हणाल्या, दुसरा क्लास बघ. नाही बघितला. मला तोच रविवार हवा होता.

आला तो. परीक्षा झाली. फळ्यावर रेषा आल्या. काळी, निळी, लाल. माझं नाव यावेळी काळीच्या वर होतं. सरांनी ते लिहिलं, त्याबद्दल काही बोलले नाहीत, मार्करला टोपण लावलं.

"लाल रेषेवाल्यांचं झालं. तुम्ही निघा."

नवी पोरं उठली. कळमेश्वरहून येणारी एक मुलगी माझ्या रांगेत होती, बॅग छातीशी धरलेली. तिच्या ओठांवर सॉरी आलेलं मला दिसलं. तिला जायला मी गुडघे आत घ्यायला हवे होते. नाही घेतले. ती अडली. माझ्याकडे पाहत उभी राहिली.

सर मला म्हणाले, "काय झालं? तुझं तर झालं ना? तू तर काळी पण ओलांडली."

काळी ओलांडली म्हणून बसते, असं म्हणता आलं असतं. खोलीनं ते मान्यही केलं असतं, कदाचित सरांनीही. जिभेवर आलं होतं. पण मग मी या मुलीपासून वेगळी झाले असते आणि ही जिना उतरली असती.

"मी लाल रेषेतलीच आहे, सर," मी म्हटलं. "ती रेषा आत यायची आहे. बाहेर जायची नाही. आमचं काही झालेलं नाही. तुम्ही शिकवा."

मी वही उघडून पेनाचं टोपण काढलं.  

सरांचा चेहरा पडला, मग तांबडा झाला. म्हणाले, मी तुमच्या भल्यासाठी सोडत होतो, त्याचं हे फळ. ते फळा पुसायला लागले. तिन्ही रेषा पुसल्या. म्हणाले, आज क्लास इथेच संपला. मागून कोणीतरी बोललं, एकीमुळे सगळ्यांचं नुकसान. खुर्च्या सरकल्या. यावेळी सगळे उठले. माझ्या गुडघ्यांना धक्के देत गेले, सॉरी कोणी म्हणालं नाही. लाल रेषेतली दोन पोरंही गेली, खाली मान घालून. त्यांना मी काय म्हणू? मी तशीच गेले आहे कितीदा.

पंखा बंद झाला. खोलीत मी होते, आणि माझ्या शेजारी ती कळमेश्वरची मुलगी, बॅग अजून छातीशी धरून. तिनं विचारलं, आता काय करायचं, ताई? मी तिला सांगितलं, बॅग खाली ठेव.

परीक्षा फेब्रुवारीत आहे. सीट मिळेल की नाही, मला माहीत नाही. सर पुढच्या रविवारी परत रेषा ओढतील, परत म्हणतील, तुमचं झालं. म्हणू देत. मी त्या खुर्चीवर बसलेली असेन. आणि माझ्यासमोरून ज्याला सॉरी म्हणत बाहेर जायचं असेल, त्याच्यासाठी मी गुडघे आत घेणार नाही.