वैरणीचा भारा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण हे आत ठेवून मी आता थकलोय.

कऱ्हाडच्या जिममध्ये वजन उचलताना माझ्या कमरेची नस दबली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने काही उचलायचं नाही. वडील नाहीत, थोरला भाऊ मिलिटरीत, माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं. दोन म्हशी, त्यांची वैरण, सगळं एकट्या आईवर आलं. तरी मी पाण्याची बादली उचलली की तीच धावत येऊन हातातून काढून घ्यायची.

दुखणं मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. माझंही गेलं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सुरू कर. मी जिमला जाऊ लागलो — आधी नुसता दांडा, मग वीस किलो, मग चाळीस. अंगात पुन्हा जोर येतोय, याचं सुख काय सांगू! पण घरी सांगितलं, कंबर शेकायला जातो. का? घाम गाळून आल्यावर रानात राबायचा कंटाळा यायचा. एवढंच. दुसरं काही कारण असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी सकाळी मी साठ किलो उचलले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी आईची भाकरी घेऊन रानात गेलो, तर भारा बांधून तयार होता. भारा डोक्यावर घ्यायला दुसऱ्याचा हात लागतोच. "जरा हात लाव रं," ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "नगं, नगं! तुझी कंबर हाय."

मी बोललो असतो तर? "बरी झाली गं" — किती वेळ लागला असता? मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. होय, हातसुद्धा ठेवला.

तिनं भारा बांधाला टेकवला, खाली बसून त्याला डोकं लावलं आणि एकटीच उठू लागली. अर्ध्यातच ओरडली.

आई त्यानंतर ताठ उभी राहिलेली नाही. जिम मी सोडली. त्यानं तिची कंबर सरळ होणार होती थोडीच! आता भारा मीच आणतो. ती दारात बसलेली असते. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना डोळे पुसत सांगते, "कंबर अधू हाय त्याची. तरी माझ्यापायी वझं उचलतंय लेकरू."

मी ऐकतो. आणि म्हशींपुढं वैरण टाकतो.