माझ्या बाजूचा पंच

भाकरी करपली होती. नवऱ्याने ती तव्यावरून उचलली आणि तशीच माझ्या तोंडावर दाबली. गाल भाजला. मी ओरडले, तर उलथनं कानावर. आत काहीतरी फुटलं, रक्त मानेवरून खाली उतरलं. लकव्याने खाटेला खिळलेली सासू पडल्या पडल्या बघत होती. मग त्याने मला दाराबाहेर ढकललं आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "तलाक, तलाक, तलाक!"

उजव्या कानाने मला आजही ऐकू येत नाही.

मी कोन गावाला अम्मीकडे आले. आठव्या दिवशी निरोप आला. त्याला म्हणे पस्तावा झालाय. पस्तावा कसला? आईचं हगणं-मुतणं काढायला घरात कुणी नव्हतं.

पनवेलला, सासरच्या मोहल्ल्यात जमातीची बैठक बसली. पुरुष समोर. मी आणि अम्मी पडद्यामागे.

जमातीचे सदर म्हणाले, "तीन तलाक झाले. आता हलाला. इद्दतीचे तीन महिने संपले की धाकट्या दिराशी निकाह लावू. तो तलाक देईल. मग ही परत आपल्या घरी."

म्हणजे आधी दिराच्या बिछान्यात. मग परत याच्या. मारलं त्याने, आणि नागवं व्हायचं मी. ज्या दिराचा शाळेचा डबा मी भरला, त्याच्यापुढे.

अम्मीने मांडीला चिमटा काढला. "हो म्हण. तुझ्या बहिणीचं लग्न व्हायचंय."

लहानपणी अरबी नुसती घोकली होती. अर्थ कुणी सांगितलाच नाही. त्या आठ दिवसांत मी कुराणाचा मराठी तर्जुमा वाचून काढला होता. मी पडदा सारला.

"सदरसाहेब, कुराणात आहे, नवरा-बायकोचं बिनसलं तर एक पंच त्याच्या घरचा, एक तिच्या घरचा. इथे माझ्या बाजूचा कोण बसलाय?"

"बाईने आम्हाला दीन-धर्म शिकवू नये."

"एका दमात तीन तलाक कायद्याने होत नाही. तो गुन्हा आहे. आणि मला खुला पाहिजे, बायकोने मागायचा तलाक. मीच याला सोडते."

नवरा उठला. सगळ्यांदेखत माझ्या पोटात लाथ घातली. मी कोसळले. एक माणूस जागचा हलला नाही. सदर एवढंच म्हणाले, "बस कर रे. बाहेर लोक ऐकतील."

लोक ऐकतील! माझी भीती तिथेच मेली. हाताला पाण्याचा स्टीलचा जग लागला. तो त्याच्या तोंडावर हाणला. त्याचं नाक फुटलं. चार वर्षांत पहिल्यांदा रक्त त्याचं सांडलं.

तशीच पोलीस ठाण्यात गेले. एकटी. हवालदार म्हणाला, "ताई, घरचा मामला आहे, मिटवून घ्या."

"मिटवायला नाय आले. लिहा."

बैठकीतल्या एकेकाचं नाव साक्षीदार म्हणून सांगितलं.

खुला अजून मिळालेला नाही. अम्मी बोलत नाही. मी कोर्टाच्या तारखांना जाते. नमाज पढते. अल्लाह त्या माणसांच्या मालकीचा नाही.

हलाला मी करणार नाही. त्या घरात मी जाणार नाही. आणि यापुढे माझ्यावर हात उचलला, तर तो हात मी मोडीन.