जिजाबाई क्लीनर

साठ-सत्तरच्या दशकात नागपूरहून धुळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर ज्यांनी ट्रक हाणले, त्यांच्यापैकी कुणापुढंही बालाघाटच्या जिजाबाईचं नाव काढलं, की तो आधी हसायचा आणि मग बाजेवर सरकून बसायला जागा द्यायचा. ड्रायव्हराची बायको एखाद्या खेपेला केबिनमध्ये बसून गेली, यात नवल नव्हतं. माहेरी म्हणा, दवाखान्यात म्हणा, बाया जातच होत्या. जिजाबाई मात्र बसून गेली नाही. ती क्लीनर म्हणून गेली. टायर ठोकून बघायची, रेडिएटरमध्ये पाणी भरायची, चढावर गाडी थांबली की उडी मारून चाकामागं लाकडी ठोकळा लावायची. गाडी मागं घेताना 'येऊ द्या, येऊ द्या' असं ओरडायची, की ढाब्यावरची माणसं घास हातात धरून बघत राहायची. पण हे सगळं पुढचं. पहिल्याच खेपेत तिनं जो पराक्रम गाजवला, त्यानंतर तिला खरं तर बैलगाडीतसुद्धा कुणी घ्यायला नको होतं.

तिचा नवरा टिकाराम मेश्राम किरनापूरचा. भरवेलीच्या खाणीतून मँगनीज भरायचं आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर रिकामं करायचं, एवढंच त्याचं ड्रायव्हरपण. सकाळी निघायचा, संध्याकाळी लाल धुळीनं माखून घरी यायचा. जिजाबाई बैहरच्या जंगलपट्टीतली. लहानपणापासून उन्हाळा आला की आईबरोबर तेंदूपत्ता तोडायला जायची. पानांचे पुडे बांधायचे, फडावर उन्हात मांडायचे, वाळले की मुनशी ते बोऱ्यांत, म्हणजे पोत्यांत, भरून घ्यायचा आणि मग एक दिवस ट्रक यायचा. ट्रक भरून रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत ही पोर बघत उभी राहायची. पानं जातात कुठं, हे तिनं आईला विचारलं, मुनशीला विचारलं. मुनशी म्हणाला, 'दूर.' या एका शब्दावर तिनं लग्नापर्यंतची सगळी वर्षं काढली.

१९६७च्या उन्हाळ्यात बालाघाटच्या घनश्यामसेठनं टिकारामला बोलावणं धाडलं. सेठचे ट्रक लाइनवर चालायचे, म्हणजे लांबच्या गावांना. त्याच्या एका गाडीला ड्रायव्हर पाहिजे होता. माल तेंदूपत्ता, जायचं सिन्नरला, नाशिकच्या अलीकडं. टिकाराम घरी आला तो भुईवर पाय ठरत नसल्यासारखाच. त्यानं आईला सांगितलं, शेजाऱ्याला सांगितलं आणि सर्वांत शेवटी चुलीपुढं बसलेल्या बायकोला सांगितलं.

"पत्ता भरून?" जिजाबाईनं विचारलं.

"हौ."

"मंग मी बी येईन."

टिकारामला वाटलं, थट्टा आहे. तो हसला. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याच्यामागोमाग सेठच्या गोदामापर्यंत चालत गेली आणि पदर डोक्यावर नीट घेऊन थेट म्हणाली, "सेठजी, तुमचा क्लीनर महागू तं लग्नाले गेला, वापस आलाच नाही म्हणतेत. मले ठेवा."

घनश्यामसेठ गादीवर लोडाला टेकून बसला होता, तो सरळ झाला. टिकारामनं जमिनीकडं बघितलं. जमीन दुभंगली असती तर त्या घडीला त्याची काही हरकत नव्हती.

"बाई, क्लीनरचं काम म्हंजे काय, मालूम आहे का?"

"नाही. पण शिकीन. अन् पत्ता मले मालूम आहे. तुमच्या साऱ्या क्लीनरायपेक्षा जास्त."

सेठला हसू आलं. माणूस व्यापारी खरा, पण घरात चार बहिणींनंतर जन्मलेला. बाईनं हट्ट धरला की काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "एक खेप. मालाले नुकसान झालं, का गाडीले तरास झाला, तं तू घरी अन् हा तुझा नवरा पुन्हा मँगनीजवर. समजलं?"

हे ऐकून टिकारामनं बायकोला डोळ्यांनीच 'नको' म्हटलं. जिजाबाईला मात्र कसलीच भीती नव्हती. नुसता आनंद होता, आणि तो चेहऱ्यावर आवरता आवरत नव्हता. सासू गोदाबाईनं दोन दिवस तोंड फिरवून घेतलं. निघायच्या दिवशी मात्र तिनं तिखट पुऱ्यांचा डबा सुनेच्या हातात आदळला आणि म्हणाली, "त्याले एकट्याले झोप लागते गाडी चालवताना. बोलत राह्यजो."

बाकीच्या गाड्यांपुढं नारळ फुटले. टिकाराम आणि जिजाबाईनं हात जोडून त्रिशरण म्हटलं आणि गाडी निघाली.

वैनगंगा ओलांडली, वारासिवनी गेलं. जिजाबाई खिडकीतून इतकी बाहेर डोकावायची, की टिकारामला तिचा पदर धरून आत ओढावं लागायचं. ती बोलत होती हे सांगायलाच नको. सासूचा हुकूमच होता. मैलाचा दगड दिसला की वाचायची, कारण बौद्धवाड्यातल्या रात्रशाळेत ती चौथीपर्यंतची पुस्तकं शिकली होती. राज्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर शिपायानं कागद बघितले आणि विचारलं, "ये कौन है?"

"क्लीनर," टिकाराम म्हणाला.

शिपायानं पुन्हा बघितलं. जिजाबाई तोवर खाली उतरून लोखंडी सळईनं टायर ठोकत होती. शिपाई फाटक वर करायला गेला. भंडारा येईपर्यंत टिकाराम एकटाच हसत होता आणि काहून हसता असं ती विचारत होती.

नागपूर, अमरावती, अकोला. गावांची नावं तिनं पोस्टाच्या पाकिटांवर पाहिली होती, आता ती रस्त्यावर पसरलेली दिसत होती. कापसाची काळी रानं, उसाच्या रसाची गुऱ्हाळं, लाल-पिवळे फेटे. आपण इतका मोठा देश फुकटात बघतोय, म्हणून तिला मधूनच धास्तावल्यासारखं व्हायचं.

दुपारची उन्हं चढली की लाइनवरचे ड्रायव्हर गाडी सावलीला लावून झोपतात. मलकापूरच्या पुढं एका विहिरीशेजारी कडुलिंबाखाली टिकाराम आडवा झाला. जिजाबाईला झोप कुठली? ती मालावर चढली, ताडपत्री उचलली आणि एका बोऱ्याच्या शिवणीतून बोट घालून पान चाचपलं. पान कडकडलं. बोटाला चुरा लागला.

तिनं तो चुरा तळहातावर घेऊन बघितला. फडावर पान कडकडलं की मुनशी कसा खेकसायचा, ते तिला आठवलं. बोरे भरताना बायका पुड्यांवर पाणी मारायच्या, मगच पान नरम व्हायचं. हे तिनं शंभरदा बघितलं होतं. या उन्हात सिन्नरला पोचेपर्यंत सगळ्या मालाचा भुगा होणार आणि सेठ म्हणणार, बघा, बाईला नेलं. तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला. विहिरीतून बादली ओढायची, दोराला बांधून वर चढवायची, वर जाऊन बोऱ्यांवर ओतायची, पुन्हा खाली. घामानं आणि पाण्यानं ती चिंब झाली. वरचे दोन थर गटागट पाणी प्याले. मग तिनं ताडपत्री पहिल्यापेक्षाही घट्ट आवळून बांधली, हात झटकले आणि नवऱ्याला उठवून चहा दिला. सांगितलं काही नाही. सिन्नरला पोचल्यावर कुणीतरी 'पान किती नरम' म्हणेल, तेव्हा सांगू, असं तिनं ठरवलं होतं.

आता तिला जे ठाऊक नव्हतं, ते असं. फडावर मारतात तो नुसता शिडकावा, आणि भरलेले बोरेही पुन्हा वाऱ्यावर ठेवतात. पण तोडणाऱ्या बाया बोरे भरले की घरी जायच्या. पुढचं जिजाबाईनं कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धुळं मागं पडलं आणि केबिनमध्ये वास येऊ लागला. टिकारामनं दोनदा थांबून ब्रेक तपासले. ब्रेक ठीक होते. जिजाबाईनं वास ओळखला. आजोळी ओल्या गवताची गंजी आतून तापली होती, तेव्हा हाच वास आला होता. ती मालावर चढली आणि बोऱ्यात हात घातला. आत तव्यावरून उतरवलेल्या भाकरीइतकं गरम होतं.

ती वरच बसून राहिली. खाली टिकाराम विचारत होता, "काय झालं वं?" त्याला पत्त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, मँगनीज काही तापत नाही. ती गप्प राहिली असती, तर दोष बोरे भरणाऱ्यांवर गेला असता आणि कुणाला कधी पत्ता लागला नसता. हा विचार तिच्या मनात आला, आणि तो आला म्हणूनच तिला स्वतःचा राग आला.

"अवो, मी पाणी ओतलं," ती वरूनच म्हणाली. "काल. तुमी झोपले होते तवा. पत्ता सडून राह्यला."

टिकाराम ओरडला नाही. तो रस्त्याच्या कडेला बसला. त्यानं समोरच्या माळाकडं बघितलं. मँगनीजची लाल धूळ त्याला तिथंही दिसत असावी.

"आता?" त्यानं विचारलं.

"तुमी खाली फेका. मी मांडीन."

माळ खडकाळ होता, तापलेला होता, आणि वारा सुटलेला होता. याहून चांगला फड बैहरच्या मुनशीलाही मिळाला नसता. टिकारामनं ओले बोरे खाली लोटले, जिजाबाईनं शिवणी उसवल्या आणि पुडे ओळीनं मांडायला सुरुवात केली. तिचे हात असे चालायला लागले, की टिकाराम क्षणभर बघतच राहिला. बायकोला त्यानं भाकऱ्या थापताना पाहिलं होतं, हे नव्हतं पाहिलं. जवळच्या वस्तीवरून दोन बाया कुतूहलानं आल्या. चौकशा करून झाल्यावर त्याही पदर खोचून पुडे उलटायला बसल्या. चौघांनी ऊन कलेपर्यंत सगळा माळ हिरवा-तपकिरी करून टाकला. काही पुडे काळे पडले होते, ते तिनं बाजूला काढले. बाकीचे सुकले, पण कडकडण्याआधी तिनं ते उचलले, कारण केव्हा उचलायचं, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. बोरे पुन्हा भरताना दोघंही थकून गेले होते, तरी टिकाराम अचानक म्हणाला, "मजा आली, नाही?" आणि तिला रडू आणि हसू एकदमच आलं.

सिन्नरला विडी कारखान्याच्या माणसानं बोरा उघडला, पान तळहातावर चोळलं, कानाशी नेलं, मान डोलावली आणि दुसरा उघडायला सांगितला. जिजाबाई तिथं थांबलीच नाही. आतल्या पडवीत मांडीवर सुपं घेऊन बायका ओळीनं विड्या वळत होत्या. कात्रीनं पान कापायचं, तंबाखू घालायची, बोटांनी वळायचं. एका सुपात तिला पुडा दिसला आणि तो बांधायची गाठही दिसली. तीच गाठ, तिच्या आईनं शिकवलेली, बैहरकडची.

"कुठली गं बाई तू?" एकीनं विचारलं.

"बालाघाटची. हे पान आमच्याकडचं आहे."

"अगं बाई. आमचा जन्म गेला पानं कापण्यात, झाड काही बघितलं नाही. केवढं असतं गं?"

जिजाबाईनं हात उंच करून दाखवलं. मग फांद्या कशा असतात, कोवळं पान कसं तांबूस निघतं, ते सांगत बसली. टिकाराम हाका मारत होता. तिला ऐकू येत होतं, पण ती उठत नव्हती. मुनशीचं ते 'दूर' अखेर तिला सापडलं होतं आणि ते बायांनी भरलेलं निघालं होतं.

बालाघाटला परत आले तेव्हा एक दिवस उशीर झालेला होता. सेठ गोदामाच्या दारातच उभा होता.

"उशीर काहून?"

"सेठजी, ते टायर..." टिकारामनं सुरुवात केली.

"टायर नाही," जिजाबाई म्हणाली. "मी भरलेल्या मालावर पाणी ओतलं. पत्ता तापला. माळावर सुकवून पुन्हा भरला. थोडे पुडे गेले. यायची, माह्या नवऱ्याची, काही गलती नाही, सेठजी. मले घरी पाठवा, पण यायले मँगनीजवर नका पाठवू."

टिकारामनं डोळे मिटून घेतले. सेठनं आधी गाडीकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"माह्या गाड्यांवर किती क्लीनर झाले," तो म्हणाला. "गलती झाली का जिथं झाली तिथूनच पळून जातेत. गाडी रस्त्यात, माल रस्त्यात, क्लीनर गायब. गलती घेऊन माह्या दारापर्यंत कोणी आलं नाही आजवर." त्यानं चाव्यांचा जुडगा टिकारामच्या हातात टाकला. "परवा निपाणीचा माल भरायचा आहे. दोघं या. अन् बाई, पाणी फक्त रेडिएटरमंधी टाकजो."

टिकाराम हात जोडून आभाराचं बोलू लागला. जिजाबाईला तर ते ऐकायलाही वेळ नव्हता. ती केव्हाच सेठच्या मुनीमाला गाठून विचारत होती, की निपाणी सिन्नरहून दूर आहे, का अलीकडं. आणि तो 'लय दूर' म्हणाला, तेव्हा तिनं त्याला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.