महत्त्वाचे, पुसू नये

घरात किस्से किती साचलेत, ते माळा साफ करायला काढल्याशिवाय कळत नाही. एक डबा ओढावा तर चार डोक्यावर पडतात! आमच्याकडे किस्से खाली येऊन वर्ष होत आलं, माळा मात्र अजून साफ व्हायचाच आहे.

झालं असं. किन्हीराजाच्या अलीकडे आमचं गाव. तिथं आई, दादा आणि वहिनी राहतात. मी नोकरीपायी मंगरूळपीरला, रविवारी बसनं घरी. गेल्या उन्हाळ्यात घरावर स्लॅब टाकायचा म्हणून दादानं टिनं उतरवायला घेतली आणि माळ्यावर बाबांची कामाची खाकी पिशवी सापडली.

बाबा म्हणजे उत्तमराव लाईनमन. पिशवीत पक्कड असेल, टेस्टर असेल म्हणून दादानं ती उलटी केली, तर खाली कॅसेटींचा ढीग! आणि प्रत्येकीवर बाबांच्या अक्षरात एकच मजकूर : 'महत्त्वाचे. पुसू नये.' आत काय आहे, ते एकीवरही नाही!

बाबांना मशीनचं भारी वेड. अकोल्याहून टेपरेकॉर्डर आणल्यापासून गावात जयंती असो, लग्न असो की कोणाचं बारसं, बाबा बटन दाबून हजर. ते गेले तेव्हा आमच्या घरात साधा मोबाइलही नव्हता.

आई ढिगाजवळ येऊन बसली. एक कॅसेट पदरानं पुसली आणि म्हणाली, "तोंड फोटोत हाय त्याइचं. आवाज कुठीच नाई. मी आठवाले जातो त येतच नाई आता. यात असन का व?"

"असनच ना आई! एवढ्या कॅसेटी हायेत," मी म्हटलं.

तेवढ्यात वहिनी म्हणाली, "पण रेकॉर्डिंग करनारे तर तेच होते ना? मंग त्याइचा आवाज येईन कसा?"

हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं!

*

पहिला घोटाळा टेपरेकॉर्डरचा. आतला पट्टा वितळून डांबर झालेला. दुकानदार म्हणाला, पट्टा मागवावा लागेल. दादाला धीर कुठला? त्यानं कोथिंबिरीच्या जुडीचं रबर काढलं आणि बसवलं चाकावर.

पहिली कॅसेट लागली. काकांचं जयंतीतलं भाषण. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, नामदेवकाका, शेजारच्याच घरात राहतात. गावात माईक म्हटला की काका, असं समीकरण. आता सत्तरी गाठत आले तरी माईक दिसला की घसा खाकरतात.

पण रबर पडलं ढिलं. त्यामुळे भाषण निघालं असं : "बं... धू... आ... णि... भ... गि... नीं... नो..."

काका ताडकन उठले. "हा मी नोय! हा म्हसा हाय कोनाचा तरी!"

दादानं दुसरं रबर लावलं, ते जरा जास्तच ताठ. आता भाषण चिमणीच्या आवाजात आणि पळत सुटलेलं. काका आणखी चिडले. शेवटी पट्टा मागवलाच आणि काकांचा खरा आवाज ऐकू आला. काकांनी सबंध भाषण मान डोलावत ऐकलं आणि म्हणाले, "तो म्हसा थोडा बरा बोलत होता बाप्पा."

*

दुकानदार म्हणाला होता, "कॅसेटी ठेवून जा, पेनड्राइव्हमधी भरून देतो." आईनं साफ नकार दिला. "घरचा आवाज हाय. एखांदी हरपली त कोनाले मांगू?"

मग घरीच उद्योग सुरू झाला. टेपरेकॉर्डर ओट्यावर, त्याच्यासमोर उशीला टेकवून वहिनीचा मोबाइल, रेकॉर्डिंग चालू. वायर नाही की काही नाही. अट एकच : कॅसेट संपेपर्यंत घरात कोणी तोंड उघडायचं नाही.

आता आमच्या घरात अर्धा तास गप्प बसणं म्हणजे काय, ते आमच्या शेजाऱ्यांना विचारा! पहिल्या रविवारी समोरच्या शांताकाकू दारातून ओरडतच आल्या, "काहून व, भांडले का सारे? कोनी बोलूनच नाई राह्यलं!" आता त्या जुन्या भाषणात शांताकाकू कायमच्या जाऊन बसल्यात. ज्या वर्षीचं भाषण, त्या वर्षी त्यांचं लग्नही झालेलं नव्हतं.

दुसऱ्यांदा रेकॉर्ड केलं, तर भाषणाच्या ऐन रंगात वहिनीच्या कुकरची शिट्टी झाली. "समाजानं आता जागं झालं पाहिजे!" आणि लगेच फुस्स!

दादा कपाळाला हात लावून म्हणाला, "पुन्हा करा लागते."

"राहू दे रे," काका म्हणाले. "त्या दिवशी एवढी बी दाद नोती भेटली."

*

मग सापडली आत्याच्या लग्नाची कॅसेट. बाबांची एकुलती एक बहीण, शिरपूरला दिलेली. तिला फोन केला तर ती दुसऱ्याच दिवशी बसनं हजर. येताना चांगली साडी नेसून आली, जणू परत लग्नालाच निघाली होती!

कॅसेट लागली. आत्या डोळे मिटून बसली. आता बुद्धवंदना येईल, मग मंगल परिणयाची गाथा येईल... आलं काय? आहेर!

"किन्हीराजावाल्या मामाकडून, स्टीलचा गंज एक!" "मावसभावाकडून, पितळी गुंड एक!" "सोसायटीवाल्यांकडून, स्टीलचा गंज एक!" पातेल्यावर पातेली, मध्येच एखादी घागर! माईकवर अर्थात काका. एक बाजू संपली. कॅसेट पलटली. दुसऱ्या बाजूलाही आहेर! वंदनेच्या वेळी बाबांचे सेल संपले होते म्हणे आणि नवे सेल येईपर्यंत गावाची जेवणं उरकली होती.

आत्या हिरमुसली. एवढ्यात टेपमधले काका म्हणाले, "आनि नवरीच्या धाकट्या भावाकडून, म्हंजे माह्याकडून, भिंतीवरचं घड्याळ एक! घड्याळ पाठीमागून येऊन राह्यलं!"

आत्यानं डोळे उघडले. हळूच काकांकडे वळली.

"नामदेव, येऊनच राह्यलं का रे अजून?"

काकांना त्या दिवशी शेतात एकाएकी फार काम निघालं. पुढच्या रविवारी शिरपूरला आत्याच्या भिंतीवर घड्याळ लागलं, मी स्वतः पाहिलं.

बाबांचा आवाज मात्र त्या कॅसेटीतही नव्हता. फक्त सुरुवातीला माईकवर कोणीतरी दोनदा बोट आपटलं होतं. आईनं तेवढंच परत लावायला सांगितलं. "हे तेच हायेत," ती म्हणाली.

*

एक कॅसेट लावली तर आत नुसतं 'घूंऽऽ'. दादाला वाटलं मशीन बिघडलं. आईला वाटलं थोड्या वेळानं कोणी बोलेल. आम्ही सबंध बाजू ऐकली. घूंऽऽ. पलटली. पुन्हा घूंऽऽ, थोडं जाड. वरती लिहिलेलं : 'महत्त्वाचे. पुसू नये.'

शेवटी बाबांबरोबर काम केलेल्या एका काकांना फोनवर ऐकवलं. ते हसायलाच लागले. "अवो, हे त डीपी हाय, लाईटचा ट्रान्सफॉर्मर! तुमच्या बाबाची सवय होती. डीपी चांगला चालून राह्यला का त्याचा आवाज भरून घ्यायचे. मंग बिघडला का कान लावून सांगायचे, कुठी दुखून राह्यलं ते."

म्हणजे आम्ही बाबांच्या आवाजासाठी तासभर कानांत प्राण आणून गावच्या डीपीचा आवाज ऐकत होतो!

आई उठली, चहाची भांडी गोळा करायला लागली. "घरात आमचं एवढं आयकलं असतं त काय पायजे होतं!"

दादा म्हणाला, "हे नाही ठेवत मोबाइलमध्ये. उगाच जागा जाते."

"ठेव," आई म्हणाली. "त्यायनं जपलं ते तू कायले पुसतं?"

मग मीच उठून भांडी विसळली.

*

दादानं एक रेकॉर्डिंग घरच्या ग्रुपवर टाकलं. चांगलं पाऊण तासाचं. पाठवल्या पाठवल्या पुण्याच्या चुलतभावाचा अंगठा आला आणि खाली 'मस्त!!'

काकांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "यानं इतक्यात आयकलं बी? हुशार झालं पोट्टं पुन्याले जाऊन!"

*

पुढचा प्रश्न, हे सगळं ठेवायचं कुठं? कॅसेटींना बुरशी लागलेली, एक तर मशीननं गिळलीच. गावच्या भजनी मंडळाची होती, सोडवता सोडवता तुटली. तेव्हापासून दादाचा नियम : एक कॅसेट फार वेळा लावायची नाही. मी तीन पेनड्राइव्ह आणले. एक माझ्याकडे, एक दादाकडे, एक आत्याकडे. आई म्हणाली, "आन् माहा?" तिलाही एक दिला.

महिन्यानं दादाला काही कॉपी करायचं होतं. आईचा पेनड्राइव्ह सापडेना. आम्ही कपाट उपसलं, गाद्या झटकल्या. आई शेतातून आली आणि शांतपणे तुरीच्या डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. पेनड्राइव्ह निघाला, धुतलेल्या फडक्यात बांधलेला, सोबत वाळलेला कडुनिंबाचा पाला!

"आई, हे काय?"

"कॅसेटीले कीड लागली होती ना? मंग याले लागनार नाई कशावरून?"

तेव्हापासून दादाचा पेनड्राइव्हही डाळीतच असतो.

*

आणि आता शेवटची कॅसेट.

सगळ्या कॅसेटी झाल्या होत्या. गावातल्या निम्म्या माणसांचे आवाज निघाले. गेलेली म्हातारी माणसं निघाली, रडणारी तान्ही पोरं निघाली, एक कुत्रंही निघालं. बाबा नव्हते. आई आता विचारायचीही बंद झाली होती. कॅसेट संपली की नुसती उठायची आणि कामाला लागायची. मला ते जास्त लागायचं.

उरली होती एक सिनेमाच्या गाण्यांची विकतची कॅसेट. तिच्यावर 'महत्त्वाचे' लिहिलेलं नव्हतं म्हणून आम्ही ती बाजूला टाकली होती. एका रविवारी दुपारी वहिनी म्हणाली, लावा, निदान गाणी तरी ऐकू. काका पान लावत होते, आई डाळ निवडत होती. गाणं सुरू झालं. अर्ध्यात खट्ट झालं आणि गाणं तुटलं.

"हं. चालू झालं वाटते. घे आता नाव."

बाबा होते.

मग आईचा आवाज, कोवळा, ओळखू न येणारा : "जा बाप्पा! बंद करा ते. पोट्टे निजले हायेत, उठतीन ना!"

"एकदाच घे. मशीन कोनाले सांगत नाई."

बांगड्या वाजल्या. स्टोव्हचा आवाज येत होता. आई काही बोलली नाही.

"बरं," बाबा म्हणाले. "थांबतो मी."

आणि ते खरंच थांबले होते. नुसता स्टोव्ह चालू राहिला. कितीतरी वेळ. मग परत खट्ट आणि अर्धं राहिलेलं गाणं.

इथं सांगायला हवं की आईनं बाबांचं नाव आयुष्यात कधी घेतलं नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तरी ती आमच्याकडे बोट करायची, "सांग रे." लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा ती उठून पळाली होती, असं आत्या सांगते. बाबा गेल्यावरही दाखल्यासाठी साहेबांनी नाव विचारलं, तेव्हा ती दादाकडेच वळली होती.

आईची डाळ सुपात तशीच पडून होती. ती म्हणाली, "बारीक हाय आवाज. मले वाटे जाड होता." आणि मग, "पुन्हा लाव."

पण दादाचा नियम तो नियम. "थांब आई, आता रेकॉर्डच करतो. पट्टी लई जुनी हाय, घडीघडी लावता येत नाई. कोनी आवाज करू नका!"

वहिनीनं गॅस बंद केला. मी दाराला कडी घातली. काकांनी तोंडातलं पान गालात दाबून धरलं. मोबाइल उशीला टेकवला.

गाणं. खट्ट. "घे आता नाव." बांगड्या. स्टोव्ह. "बरं. थांबतो मी."

आई पुढे सरकली. मशीनजवळ वाकली. त्या स्टोव्हच्या आवाजात, पुढंमागं काही न जोडता, ती म्हणाली, "उत्तमराव."

मग खट्ट झालं आणि गाणं सुरू झालं.

दादानं घाईघाईनं मोबाइल उचलला. "आई! तुहा आवाज आला ना मधात! आता पुन्हा करा लागते."

आईनं सूप मांडीवर ओढून घेतलं.

"पुन्हा काहून? त्यायनं एकदाच घे म्हटलं होतं."