बर्फाचे टायर

नवऱ्याच्या डायलिसिससाठी टायर निवडत बसलेली बाई जगात दुसरी कुणी असेल असं मला वाटत नाही. २००६ च्या ऑक्टोबरात मी तेच करत होते, आणि हे काम माझ्या गळ्यात पडलं ते ह्यांच्या हट्टामुळे.

हे रिटायर झाल्यावर आम्ही न्यू जर्सीतलं घर विकलं आणि पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून तासाभरावर, एका डोंगरावर घर घेतलं. आम्ही म्हणजे ह्यांनी. मी फक्त सह्या केल्या. जन्मभर पंपांची डिझाइन्स करून थकलेल्या माणसाला झाडं, हरणं आणि शांतता हवी होती. मला शेजार हवा होता. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत अर्ध्या मैलाची चढण होती, नुसती दगडांची, आणि दगडही धारदार कडांचे. बर्फ साफ करणारा ट्रकवाला एकदा वर येऊन बघून गेला आणि म्हणाला, इथे माझं पातं मोडेल. पुन्हा आला नाही.

दुसऱ्याच वर्षी ह्यांच्या किडन्या गेल्या. डायबेटिस जुनाच होता. आठवड्यातून तीनदा गावातल्या सेंटरवर जायचं आणि चार-चार तास मशीनला जोडून घ्यायचं. ते चुकलं की अंगात पाणी साठतं, फुप्फुसात चढतं, आणि थोड्याच दिवसांत माणूस जातो. डॉक्टरांनी हे आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. घरच्या घरी करायच्या डायलिसिसला ह्यांनी साफ नकार दिला. "अगं, घराचं हॉस्पिटल करायचं नाहीये मला." घर सोडून गावात भाड्याने राहू म्हटलं तर त्यालाही नकार. मी ओरडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. हे खिडकीतून हरणं मोजत बसले.

मग काय, मोटार खाली डांबरी रस्त्यालगतच्या पत्रपेटीजवळ ठेवायची आणि घरापासून तिथपर्यंत फोर-व्हीलर. ही चार जाड चाकांची, मोटरसायकलसारखं हँडल धरून चालवायची गाडी तिकडे शिकाऱ्यांच्या घरोघरी असते. साठीला टेकलेली मी स्नो-पँट चढवून ती चालवायला शिकले. मागच्या सीटवर हे, माझ्या कमरेला मिठी मारून. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला इतकं घट्ट कधी धरलं नव्हतं, हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. पहिल्या हिवाळ्यात बर्फ बेताचाच पडला म्हणून निभावलं.

त्या ऑक्टोबरात एका दगडाने मागच्या टायरची बाजू फाडली. फाटली म्हणजे ठिगळ लागण्यापलीकडे. दुकानात गेले तर पोऱ्यासारखा दिसणारा सेल्समन मला चिखलाचे टायर विकायला निघाला, कारण तेच त्याच्याकडे जास्त होते. मी घरी येऊन कॉम्प्युटरवर बसले. टायरांविषयी माणसं एकमेकांना इतक्या शिव्या देतात हे मला माहीत नव्हतं.

वाचून वाचून कळलं ते असं. दगडांसाठी टायर कडक हवा. त्याच्या बाजू जाड, अनेक थरांच्या हव्यात, नाहीतर दगड कापून जातो, आणि वरचे रबराचे ठोकळे एकमेकांच्या अगदी जवळ हवेत म्हणजे दगडावर पकड बसते. बर्फाचं नेमकं उलटं. रबर मऊ हवं, कारण कडक रबर थंडीत लाकडासारखं होतं. ठोकळे उंच आणि लांब लांब हवेत, म्हणजे मधे अडकलेला बर्फ चाक फिरताना बाहेर फेकला जातो. हवा कमी भरायची. पण हवा कमी असलेला टायर दगडावर नेला की आतलं लोखंडी कडं, म्हणजे रिम, वाकतं. आणि आमच्या चढणीवर बर्फाखाली दगडच होते.

दूर, चँडलर गावी ह्यांचे एक मित्र होते. वाळवंटात फोर-व्हीलर पळवायचे, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज होता. त्यांना फोन केला.

"वहिनी, सिंपल आहे यार. ऑल-टेरेन घ्या. दोन्हीला चालतात."

"तुम्ही बर्फात चालवलेत?"

"इकडे कुठला बर्फ! पण चालतात, मी रिव्ह्यूज वाचलेत ना."

दोन्हीला चालतं ते कशालाच धड चालत नाही, हे सांगायला मला इंजिनियर लागत नव्हता. कधी नव्हे ते ह्यांचं आणि माझं एकमत झालं: दोन सेट घ्यायचे, दोन्ही वेगवेगळ्या रिमवर चढवून, म्हणजे घरच्या घरी बदलता येतील. दगडांचा सेट लगेच लावला. बर्फाचा आला तेव्हा हे बेसमेंटमध्ये खुर्ची टाकून त्याच्याजवळ बसले. ठोकळ्यांमधून बोट फिरवलं. खूप दिवसांनी ह्यांचा चेहरा खुललेला दिसला.

नोव्हेंबरात भुरभुर बर्फ पडला. मी म्हटलं, लावूया आता.

"एवढ्याशा बर्फात? दगड वर दिसतायत अजून. मऊ रबर आहे, चिरेल सगळं. चांगला जाड पडू दे, मग लावू. नवे आहेत गं."

नवे आहेत. आमच्या पिढीला हे एक वाक्य पुरतं. लग्नात आलेला डिनर सेट मी अमेरिकेपर्यंत आणला आणि बावीस वर्षं कपाटात ठेवला. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक, सोफ्याला चादर, आणि चादर खराब होऊ नये म्हणून तिच्यावर टॉवेल. चांगली वस्तू वापरली की संपते, म्हणून ती जपायची आणि वाईट वस्तूत दिवस काढायचे. माझं डोकं फिरलं, पण मलाही आतून ते पटलं. ह्यांनी चारी टायर जुन्या चादरीत गुंडाळून भिंतीला लावून ठेवले.

जानेवारीत एका सकाळी दार उघडलं तर बर्फ गुडघ्यापर्यंत होता. आणि दिवस डायलिसिसचा.

मी जॅक घेऊन बाहेर गेले. गाडीखाली बर्फ, जॅक टेकायला जागा नाही. नट गोठलेले. पान्यावर उभी राहिले तरी हलेनात. हे दारातून सूचना देत होते, धाप लागून अर्ध्या सूचना तोंडातच राहत होत्या. आदल्या आठवड्यातही वादळामुळे एक फेरी हुकली होती, पाय सुजून बुटात जात नव्हते. शेवटी आहेत त्याच टायरांवर निघालो.

पहिल्या उतारावरच जवळजवळच्या ठोकळ्यांत बर्फ भरला आणि चारी चाकं गुळगुळीत झाली. वळणावर मी हँडल फिरवलं, गाडी सरळच गेली. ओघळीत तोंड खुपसून, एका झाडाला टेकून थांबली. कुणाला लागलं नाही. डोंगरावर मोबाइलला रेंज नव्हती. ह्यांना तिथेच बसवून, माझं जॅकेट पायांवर घालून मी खाली गेले. रस्त्यापलीकडच्या घरातून फायर स्टेशनला फोन केला, तिकडे असल्या अडचणीत तेच धावून येतात. ते लोक बर्फावरून ओढायची स्लेड घेऊन आले आणि ह्यांना तिच्यावर बांधून खाली नेलं, तोवर ओठ निळे पडले होते. पुढे हॉस्पिटल, फुप्फुसात पाणी, नाकात ऑक्सिजन. आठवडाभर मी खुर्चीवर झोपले.

तिथे एका दुपारी ह्यांनी डॉक्टरला इंग्रजीत, अगदी शांतपणे विचारलं, डायलिसिस बंद केलं तर काय होतं? डॉक्टर चांगला होता. एक-दोन आठवडे, म्हणाला. झोप वाढत जाते. त्रास होणार नाही असं आम्ही बघू. मी खिडकीशी फुलांचं पाणी बदलत होते. मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

ह्यांना घरी आणायच्या आधी मी बर्फाचे टायर लावले. फायर स्टेशनची माणसं गाडी वर आणून ठेवून गेली होती. नटांवर गरम पाणी ओतलं, फळीवर जॅक टेकवला, आणि प्रत्येक नटागणिक ह्यांच्या नावाने शंख केला. चादर मी बाहेर कचऱ्यात टाकली. टायर मात्र खरोखर चांगले होते. मला निवडता आले होते, याचा मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. तीन आठवडे आम्ही एकही फेरी चुकवली नाही. कितीही बर्फ असो, गाडी संथपणे खाली उतरायची आणि संथपणे वर चढायची. मला वाटू लागलं होतं, हा हिवाळा काढला की पुढचाही काढू.

फेब्रुवारीत एका सकाळी, रात्रभर बर्फ पडून गेल्यावर, आम्ही निघालो. निम्म्या वाटेवर ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबव."

मला वाटलं, मळमळतंय. थांबवली.

"परत फिरव."

"काय राहिलं घरी?"

"काही नाही. मला जायचं नाहीये. आज नाही, परवा नाही."

मी भांडले. इंजिन चालू, मी पुढे तोंड करून ओरडतेय, कारण मागे वळून बघायची हिंमत नव्हती. "मग मी हे सगळं कशाला केलं? हौस म्हणून?"

"तुझ्यामुळेच आलो इतके दिवस."

"मग अजून या."

"दमलो गं."

भाजीत मीठ किती यावरून अर्धा तास वाद घालणाऱ्या ह्या माणसाने कपाळ माझ्या पाठीला टेकवलं. कमरेभोवतीचे हात सैल पडले होते. मग मी हँडल फिरवलं.

तिथे वाट अरुंद होती. एका बाजूला ओघळ, दुसऱ्या बाजूला वाऱ्याने लोटलेला बर्फाचा ढीग. गाडी अडकली तर मी खाली पळत गेले असते, माणसं बोलावली असती, आणि त्या माणसांनी ह्यांना उचलून खालीच नेलं असतं, वर नाही. मी मुद्दाम त्या ढिगात चाकं घातली आणि मनात म्हणत राहिले, अडक, अडक. टायरांनी बर्फ उपसून मागे फेकला, खालची जमीन धरली, आणि गाडी एका दमात घराकडे वळली. कुठेही घसरली नाही.