ठिपक्यांचा ख

रोज सकाळी गॅस पेटवण्याआधी बाई ओल्या बोटाने ओट्यावर एक ‘अ’ काढत. तो वाळेपर्यंत बघत उभ्या राहत आणि मगच चहाचं आधण ठेवत. सून नवी होती तेव्हा तिला वाटलं, पाणी सांडलंय. तिने फडकं फिरवलं. बाई चिडल्या नाहीत. फळा पुसायच्या आधी वर्गाला विचारावं, एवढंच म्हणाल्या.

बाई बालवर्गाला शिकवत. गल्लीत त्यांचं नाव ठिपकेबाई. गिरवण्याची छापील पुस्तकं कधीच बाजारात आली होती, पण बाई रोज संध्याकाळी बावीस वह्या घरी आणत आणि प्रत्येकीत पेन्सिलीने ठिपक्यांची अक्षरं घालत. घाईखोराला ठिपके दाट, घाबरटाला जरा विरळ. छापखान्याला कुठलं मूल कसं आहे ते काय ठाऊक, असं त्यांचं म्हणणं.

निवृत्तीच्या वर्षी त्यांची नातही त्यांच्याच वर्गात होती. एकदा सुनेने लेकीची वही उघडली, तर ‘ग’ची दांडी पाण्यात उभी असल्यासारखी हललेली. तिने लेकीला दटावलं. लेक गाल फुगवून म्हणाली, “मी नाही हलवली. ठिपकेच तसे आहेत.”

सुनेने ठिपक्यांवरून बोट फिरवलं. पोरगी खरं बोलत होती. दुसऱ्या दिवशी तिने ओट्याकडे नीट पाहिलं. बाईंनी ‘अ’ तीनदा काढला होता आणि तीनदा पुसला होता.

“कळलं ना तुला?” बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. “शाळेत बोलू नकोस.”

निवृत्तीला तीन महिने राहिले होते. हात थरथरतो हे कळलं तर वर्ग आजच दुसरीकडे जाणार, आणि मुलांचा हात अजून पुरता बसला नव्हता. अर्ध्यात शिकवणारी बदलली की पोरं धड इकडची ना तिकडची, हे बाईंनी तीस वर्षांत पाहिलं होतं. तेवढी बावीस त्यांना मार्गी लावायची होती.

ठिपके मी घालते, असं सून म्हणाली. बाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. सून दिवसभर ऑफिसात टायपिंग करायची. पेन हातात यायचं ते सहीपुरतं. “तुझ्यापेक्षा कोंबडीचे पाय वळणदार,” बाई म्हणाल्या, आणि वह्या तिच्यापुढे सरकवल्या.

मग रोज जेवणं आटोपली की दोघी टेबलाशी बसत. बाई सांगत, सून काढत. पोट काढ, फार नको, ते काय जेवून आलंय? आता दांडी. घसरू नकोस. बाई सगळं पाहत, पण चष्मा जुना झाला होता आणि सुनेच्या चुका बारीक होत्या. पंधरा दिवस गाडी रुळावर राहिली. मग ‘ख’ आला.

मुख्याध्यापिकांनी शाळा सुटताना बाईंना बोलावलं. त्या दिवशी ऑफिसातून लवकर सुटून लेकीला न्यायला आलेली सूनही मागोमाग आत गेली. टेबलावर वह्या उघड्या पडल्या होत्या.

“बावीसच्या बावीस मुलांनी ‘रव’ लिहिलाय,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “एक चुकलं असतं तर मूल चुकलं म्हटलं असतं. बाई, हे तुमचं वळण नाही.”

सुनेने पाहिलं. र वेगळा, व वेगळा, मध्ये बोटभर वाट. हुबेहूब तिचा ख. माझीच चूक, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, तोच बाईंनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला. झाकला नाही, दाबून धरला नाही. हात थरथरत राहिला.

“ठिपके हिचे आहेत,” बाई म्हणाल्या. “शिकवणं अजून माझंच.”

मुख्याध्यापिका बराच वेळ वह्या चाळत बसल्या. मग त्यांनी ठरवलं ते असं: वर्ष संपेपर्यंत वर्ग बाईंचाच. बाईंनी तोंडाने सांगावं, ठिपके सुनेने घालावेत, पण वह्या मुलांकडे जाण्याआधी मुख्याध्यापिकांच्या टेबलावरून जातील.

“आणि आधी यांच्याकडून शंभर ख गिरवून घ्या,” त्या सुनेकडे बघत म्हणाल्या.

सुनेने त्या रात्री शंभर ख काढले. ठिपके घालून दिले बाईंनी, हलणाऱ्या हाताने. नात शेजारी बसून मोजत होती आणि सुटलेल्या ‘ख’वर आनंदाने फुली मारत होती.

बाईंची बावीस मुलं पहिलीत गेली. त्यानंतर बाई दोन वर्षं होत्या. ओट्यावरचा ‘अ’ दिवसेंदिवस वाकडा होत गेला; तो आपोआप वाळेपर्यंत सून फडक्याला हात लावत नसे.

एका दुपारी बाई झोपल्या त्या उठल्याच नाहीत. त्याच दिवशी सकाळी सून घाईघाईने किराण्याची यादी लिहीत होती. बाई चहाचा कप घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या, यादीत डोकावल्या आणि म्हणाल्या, “साखरेचा ख जोड आधी. दुकानदार ‘सारवर’ कुठून देणार?”